थँक यू... पण उधारीचं नको!

आभार मानायची वेळ आली की आपण मराठी माणसं जाम गडबडतो. समारंभात माइक हातात आला की ठरलेलं वाक्य, 'आभार मानणार नाही, कारण मला तुमच्या ऋणातच राहायला आवडेल!' टाळ्या! आणि घरात कुणाला 'थँक यू' म्हणा, लगेच ऐकायला मिळतं, 'आम्हाला परकं केलंस होय गं?' गोड आहे हे सगळं. पण नवा बिझनेस काढणाऱ्याला हेच ऋण भलतंच महाग पडू शकतं, बॉस!

माझी एक मैत्रीण आहे. आयटीतली नोकरी सोडून तिने कोथरूडमध्ये योगा-वेलनेस स्टुडिओ सुरू केला. स्टुडिओ कसला, सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाची बॅच आणि आठ मॅट्स! हॉल मिळवून दिला शेजारच्या काकूंनी, वर भिशीतल्या पाच जणीही आणल्या. भावाने हिशेब सांभाळला. कॉलेजच्या मित्राने फोटो काढून दिले, तेही फुकट. 'पैशाचं काय घेऊन बसलीस?' असं सगळेच म्हणत होते.

सहा महिन्यांत बॅचेस फुल झाल्या आणि त्या मित्राने तिचे फोन उचलणं बंद केलं. ऐन लग्नसराईतले दोन रविवार त्याने तिच्यासाठी सोडले होते. तिने इन्स्टावर त्याला टॅग केलं होतं, हार्टसकट. पण टॅगवर घरभाडं भरता येत नाही ना!

वहीतले दोन रकाने

मग बाईसाहेबांनी वही काढली. कुणी काय दिलं, ते नावासकट लिहिलं. एका रकान्यात पैशाने फेडता येईल ते, दुसऱ्यात जे कधीच फिटणार नाही ते. मित्राला बाजारभावाने पैसे दिले, तीन हप्त्यांत. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग घेतले. आता स्टुडिओचे सगळे फोटो तोच काढतो, बिल देऊन!

काकूंनी मात्र पैशाचं नाव काढताच डोळे वटारले. मग नव्या जागेची फीत सेलिब्रिटीने नाही, काकूंनी कापली. त्या दिवशी काकू नऊवारीत आल्या होत्या. आणखी काय पाहिजे?

पुण्यातलाच धडा

हे काही नवं नाही. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात योग शिकवायला आले, ते सहा महिन्यांच्या बोलीवर. हातात पैसा नव्हता, योगाला आजचं ग्लॅमरही नव्हतं. 1943 मध्ये लग्न झाल्यावर त्यांनी पत्नी रमामणींना योग शिकवला. मग त्याच त्यांची आसनं तपासून चुका दाखवू लागल्या. 1973 च्या जानेवारीत शिवाजीनगरमधल्या संस्थेचं भूमिपूजन रमामणींच्याच हातून झालं आणि तीनच दिवसांत त्या गेल्या. 1975 मध्ये संस्था उघडली ती त्यांच्याच नावाने. अय्यंगारांचं नाव तेव्हा जगभर पोचलं होतं, पण पाटीवर नाव आहे ते रमामणींचं.

त्यांच्या शिष्यानेही असेच आभार मानले होते. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांनी पन्नासच्या दशकात अय्यंगारांना घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरलं होतं, 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास'. शिकवला योग, पण सुधारलं वादन! नेमकं काय मिळालं, ते एका ओळीत सांगितलं. 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' या वाक्यात हेच तर हरवतं.

थँक यूचा फंडा

• 'सर्वांचे' नको. नाव घ्या आणि त्या माणसाने काय केलं ते सांगा.

• ज्याचं पोट त्या कामावर आहे, त्याला आधी पैसे, मग पुष्पगुच्छ.

• क्लायंटचे जाहीर आभार मानताना सांभाळून! 'यांची पाठदुखी पळाली' अशी पोस्ट टाकलीत तर त्यांचं दुखणं चारचौघांत जातं. आधी विचारा. नाही म्हणाले, तर विषय संपला. आणि एकाची पाठ बरी झाली म्हणून सगळ्यांची होईल, असं सुचवूही नका.

• आभार मानता मानता 'पाच स्टार द्या ना' म्हणू नका. ते आभार नाहीत, वसुली आहे.

• घरच्यांना वेळ द्या. रविवारची बॅच एकदा बंद ठेवलीत तर आभाळ कोसळत नाही.

ऋणात राहायला आवडतं, हे भाषणात छानच वाटतं. पण समोरच्यालाही ते परवडतंय का, हे एकदा विचारा की!