चार साप, चार विषे आणि विकरांची मोजणी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्यावरचा उसाचा बागायती पट्टा आणि जिरायती माळरान एकमेकांना लागून असल्याने, उंदरांमागे शेतात येणारे नाग व घोणस, रात्री घरात शिरणारी मण्यार आणि खडकाळ माळावरचे फुरसे या चारही सापांशी माणसाची गाठ पडते, आणि ज्याला लोक ‘सापाची लस’ म्हणतात ते प्रतिविषही याच चार विषांवर बनवलेले असते.

विष म्हणजे अनेक प्रथिनांचे मिश्रण असून त्यांतील काही प्रथिने विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारी एन्झाइम असतात. प्रयोगशाळेत दुधातील केसीन मिसळलेल्या जेलवर विषाचा थेंब सोडला की प्रथिने तोडणारी विकरे जिथवर पोचतात तिथवर स्वच्छ वर्तुळ उमटते, आणि त्याच्या व्यासावरून क्रियाशीलता ठरते. घोणस आणि फुरशाच्या विषात ही क्रिया ठळक, तर मण्यारीच्या विषात अगदी क्षीण असते; तरीही मण्यारीचे विष अत्यंत जहाल ठरते, म्हणून एका आकड्यावरून विषाची तीव्रता ठरवणे चुकीचे आहे.

पेशींच्या आवरणातील मेद तोडणारे फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर घोणशीच्या विषात भरपूर असते आणि दंशानंतरच्या सुजेत व ऊतींच्या नाशात त्याचा वाटा असतो. मण्यारीत मात्र त्याच घराण्यातील रेणू मज्जातंतूंच्या टोकांना गाठून तीच निकामी करतात, त्यामुळे चावल्याची जागा दुखत वा सुजत नाही, पण काही तासांत पापण्या जड होतात आणि पुढे श्वास थांबू शकतो. नागाच्या विषातील मज्जातंतूंवर आघात करणारी मुख्य विषद्रव्ये तर विकरे नाहीतच. ती स्नायूंवरील ग्राहकांना चिकटून बसतात, म्हणून नागदंशात निओस्टिग्माइन या औषधाचा उपयोग होऊ शकतो, मण्यारीच्या दंशात तो फारसा होत नाही.

घोणशीची विकरे रक्त गोठवणाऱ्या साखळीतील दहाव्या व पाचव्या घटकाला चालना देतात, फुरशाचे विकर थेट प्रोथ्रोम्बिन या घटकाला; गोठण्याची सामग्री अशी शरीरातच संपून गेल्यावर रक्तस्राव सुरू होतो. मॅकफर्लेन आणि बार्नेट या संशोधकांनी १९३४ मध्ये घोणशीच्या याच गुणाचा वापर हिमोफिलियाच्या रुग्णांतील रक्तस्राव थांबवण्यासाठी केला होता.

ग्रामीण रुग्णालयात हीच क्रिया साध्या साधनांनी पडताळता येते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग कलती करतात, रक्त पातळच वाहिले तर घोणस किंवा फुरसे यांचा संशय बळावतो. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष फसतो, आणि इतक्या लहान गोष्टीवर उपचाराची दिशा अवलंबून असणे हे गांभीर्याने घेण्यासारखे आहे.

प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते हे दाखवले आहे. म्हणून नीरा-भीमेच्या खोऱ्यातील घोणशीचे विष, वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी घेऊन, तमिळनाडूच्या विषाशेजारी ठेवून तपासणे आणि उपलब्ध लस त्यातील विकरांना कितपत रोखते हे मोजणे अत्यंत निकडीचे आहे.