वधूची रंगभूषा

तुळशीचे लग्न आटोपले की आपल्याकडे लग्नसराईची लगबग सुरू होते. सभागृह, भटजी, आचारी, वाजंत्री यांची बोलणी घरातील कर्ती मंडळी चार चार वेळा करतात. जेवणाच्या पानाचा दर रुपया-आठ आणे घासाघीस करून ठरवितात. वधूच्या रंगभूषेचा प्रश्न मात्र ‘ते बायकांचे काम’ म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत लोंबकळत राहतो, आणि मग कोणा मैत्रिणीने सुचविलेल्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झळकलेल्या बाईंना विसार देऊन मंडळी मोकळी होतात. ज्या चेहऱ्याचे छायाचित्र पुढे पन्नास वर्षे भिंतीवर राहावयाचे, त्याविषयीची ही बेफिकिरी आम्हांस अनाकलनीय वाटते.

पूर्वी हळद, उटणे, काजळ, अबोलीची वेणी आणि कासाराने भरलेला हिरवा चुडा एवढ्यावर वधू सजत असे, आणि ते काम घरच्या सुवासिनी करीत. आज तो व्यवसाय झाला आहे. याबद्दल गळा काढण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. उलट, या व्यवसायाची प्रतिष्ठा स्त्रियांना भांडून मिळवावी लागली आहे, हे लक्षात ठेवावे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकारांची संघटना कित्येक दशके स्त्रियांना केशरचनाकार म्हणून सभासद करून घेई, रंगभूषाकार म्हणून मात्र नाही. चारू खुराना यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि 10 नोव्हेंबर 2014 रोजी न्या. दीपक मिश्रा व न्या. उदय लळीत यांच्या पीठाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. तेव्हा जी बाई पेटी घेऊन पहाटे आपल्या दारी येते, तिला आचाऱ्याइतक्या तरी गांभीर्याने आधी भेटावे, तिचे म्हणणे ऐकावे आणि ठरलेले कागदावर उतरवावे. ती स्वतः येणार की हाताखालची मुलगी पाठविणार, वधूखेरीज किती जणींना सजवावयाचे, मुहूर्ताच्या किती आधी काम संपवावयाचे, हे सारे त्यात यावे.

परंतु खरी अडचण पैशांची वा वेळेची नसते. ती रंगाची असते. गेल्या वैशाखात आमच्या परिचयातील एका सावळ्या, अतिशय रेखीव मुलीचे लग्न होते. रंगभूषा चालू असता तिची मावशी तीनदा आत डोकावली आणि तीनही वेळा तिने एकच सूचना केली, ‘थोडी उजळ करा हो.’ बाईंनी पहिल्यांदा दुर्लक्ष केले, तिसऱ्यांदा हार मानली. छायाचित्रांत मुलीचा चेहरा पिठासारखा, मान वेगळी आणि हात तिसऱ्याच रंगाचे आले. याचे कारणही साधे आहे: पांढरी भुकटी छायाचित्रकाराच्या लखलखाटात प्रकाश परतविते, आणि आरशात बरा दिसलेला चेहरा छायाचित्रात भुतासारखा दिसतो. दशावतारी नट कंदिलाच्या उजेडात स्वतःच्या हाताने तोंड रंगवीत आला, पण त्याला रात्रीपुरते राजा वा राक्षस व्हावयाचे असे. वधूला कोणी दुसरे व्हावयाचे नसते. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 साली आपल्या नावातून गोरेपण काढून टाकले; आमच्या मावशीमंडळींच्या जिभेवरून ते अद्याप उतरलेले नाही.

म्हणून निवड करताना आम्ही एकच कसोटी सुचवू. त्या बाईंनी सजविलेल्या सावळ्या मुलींची, यंत्राने न घासलेली, उन्हातील छायाचित्रे पाहावयास मागावीत. ती नसतील तर पुढे जावे.

दुसरी गोष्ट कातडीची. प्रसाधनाच्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व वापराची मुदत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. सुट्या डबीत ओतलेल्या मलमाला यांतले काहीच नसते. नवे प्रसाधन कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस वाट पाहावी. तासाभरात काळीभोर रंगणाऱ्या मेंदीपासून तर चार हात दूर राहावे. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-तपकिरी. काळेपणा बहुधा केसांच्या कलपातील रसायनाचा असतो आणि त्याने हातावर फोड उठतात. कूंचले धुतलेले आहेत काय, हे विचारण्यात संकोच नको.

शिवाय आपले हवामान. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या मंडपात घामाच्या धारा लागतात, होमाच्या धुराने डोळे पाणावतात आणि काजळ गालावर येते. थंड खोलीत शिकलेल्या हाताला हे ठाऊक असतेच असे नाही. यासाठी महिनाभर आधी एक चाचणी घ्यावी, ती दिवसाउजेडी, आणि त्यानंतर वधूने दोन तास घरात वावरून पाहावे. चाचणीचे वेगळे पैसे पडतात. ते खळखळ न करता द्यावेत. त्या वेळी खोलीत वधू आणि रंगभूषाकार या दोघींखेरीज कोणी असू नये. मावशीबाईंना चहा बाहेर ओसरीवर द्यावा.