अंगठा, कायदा आणि दलित कामगार

माझा बाप जिनिंगमध्ये कामाला होता. १९७४ सालच्या हंगामात त्याच्या उजव्या हाताची चार बोटे यंत्रात गेली. अंगठा तेवढा राहिला. आठव्या दिवशी शेठचा मुनीम दवाखान्यात आला, दोनशे रुपये आईच्या हातावर ठेवले आणि एका कागदावर त्या उरलेल्या अंगठ्याचा ठसा घेऊन गेला. कागदावर काय लिहिले आहे हे वाचणारे आमच्या घरात कुणी नव्हते. मी अजून शाळेतही जात नव्हतो. "शेठनं दवाखाना केला, वर दोनशे दिले, देवमाणूस हाये," असे आई पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

मी शिकलो, शिक्षक झालो, वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहू लागलो, तेव्हा १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा माझ्या हाती आला. त्याच्या परिशिष्टात अवयवांची यादी आहे. एका हाताची चारही बोटे गेली तर कमाईची ताकद ५० टक्के गेली असे समजावे, असे तिथे छापले होते. म्हणजे कायद्याच्या हिशेबात माझा बाप अर्धा झाला होता आणि त्या अर्ध्या माणसाची किंमत मालकाने चुकती करायची होती. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात होता. बापाचा हात गेला तेव्हा तो पन्नास वर्षांचा झाला होता. पण गावकूस ओलांडून आमच्या वस्तीपर्यंत तो आलाच नव्हता. त्या दिवशी 'देवमाणूस' हा शब्द माझ्या मनातून गळून पडला.

हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. नुकसानभरपाई ही मालकाची दया नाही, तो कामगाराचा हक्क आहे, हे वाक्य आपण सभेत पुष्कळदा बोलतो. पण हक्क सिद्ध करावा लागतो आणि तो सिद्ध करण्याची साधनेच आपल्या माणसाच्या हाती नसतात. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि शिकणाऱ्या मुलांनी नेमके इथे उभे राहिले पाहिजे.

आधी कायदा समजून घेऊ. १९२३ च्या कायद्याचे नाव २००९ च्या दुरुस्तीने बदलले, 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि तो जुना कायदा तिच्यात विलीन झाला. जुन्या कायद्यात ज्याला आयुक्त म्हणत, त्याला आता सक्षम प्राधिकारी म्हणतात. परंतु गाभा तोच आहे. कामामुळे आणि काम चालू असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची. नव्या संहितेने कामावर जाता-येतानाचा अपघातही त्यात धरला आहे. मात्र वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवावा लागतो.

चार गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्यात.

पहिली, चूक कुणाची हा मूळ प्रश्नच नाही. "त्याचंच लक्ष नव्हतं," हे मुकादमाचे ठरलेले वाक्य असते. कामगाराचे लक्ष चुकले म्हणून मालक सुटत नाही. कामगार नशेत होता, त्याने सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकले, एवढीच निमित्ते मालकाला सांगता येतात. आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाहीत.

दुसरी, "तो आमचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस," हे उत्तर खोटे आहे. ज्याच्या धंद्याचे काम चालले होते त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. ती त्याने मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी; तो त्या दोघांमधला हिशेब आहे.

तिसरी, दवाखान्यात घेतलेला अंगठा हक्क संपवीत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक ठरतो. तडजोड करायचीच तर ती प्राधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते. मृत्यूची भरपाईही बायकोच्या हातावर परस्पर ठेवून मालकाला मोकळे होता येत नाही, ती प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. माझ्या बापाच्या अंगठ्याखालचा तो कागद कवडीमोलाचा होता. हे सांगणारा माणूस मात्र आमच्याजवळ नव्हता.

चौथी, मुदत. अपघाताची खबर मालकाला लवकरात लवकर लेखी द्यावी आणि दावा दोन वर्षांच्या आत लावावा. भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर मालकावर व्याज चढते आणि सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसतो.

आता रकमेचा हिशेब. मृत्यू आल्यास महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के धरायचे आणि त्याला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसासाठी हा अंक २०७.९८ आहे, चाळीस वर्षांच्या माणसासाठी १८४.१७. समजा तीस वर्षांच्या माणसाला महिना दहा हजार मजुरी आहे. त्याच्या मृत्यूबद्दल १०,३९,९०० रुपये होतात, संपूर्ण अपंगत्वाबद्दल १२,४७,८८०. त्याचा अंगठा गेला तर परिशिष्टाप्रमाणे ३० टक्के, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. कामगार राज्य विमा योजनेत असेल तर हा दावा मालकावर लावता येत नाही, लाभ विमा महामंडळाकडून घ्यावा लागतो. म्हणून तो विमाधारक आहे की नाही हे सर्वांआधी पाहावे.

ही योजना आठवली की बाबासाहेब आठवतात. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याचा अडारकर अहवाल १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. जातिव्यवस्था ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ सालीच मांडले होते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने तो विटाळला असता. बऱ्या पगाराचे खाते जातीने बंद केले. आज तीच जात उलट्या बाजूने काम करते. जिथे जीव जातो ती जागा ती आपल्या माणसासाठी राखून ठेवते.

गटारात आणि मैल्याच्या टाकीत गुदमरून मरणारे कोण असतात, हे कुणाला विचारावे लागत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असे आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याने ही रक्कम तीस लाख केली. कायमच्या अपंगत्वासाठी किमान वीस लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान दहा लाख ठरवले. गृहनिर्माण सोसायटीने खाजगी ठेकेदारामार्फत माणूस उतरवला तरी भरपाई चुकत नाही. पण मेलेल्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. जात ज्याला सर्वांत घातक कामाला लावते, त्याचेच नाव वहीत लिहीत नाही. जिवंतपणी वहीत नसलेला माणूस मेल्यावर कामगार कसा ठरायचा? खरी लढाई इथे आहे.

म्हणून अपघात झाला की कार्यकर्त्याने पहिल्या दिवशीच दवाखाना गाठावा. केसपेपरवर काय लिहिले जाते ते पाहावे. ठेकेदाराचा माणूस बरोबर असतो आणि तो "घरी पडला" असे सांगून मोकळा होतो. "कामावर असताना यंत्रात हात सापडून" हे शब्द तिथे आलेच पाहिजेत. पोलिसांत खबर द्यावी, पंचनाम्याची नक्कल घ्यावी. हजेरीकार्ड, गेटपास, बँकेत आलेला पगार, मुकादमाचे फोनवरचे निरोप, बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावे हे सारे त्याच आठवड्यात गोळा करावे, कारण पुढच्या आठवड्यात साक्षीदार गप्प होतात. आणि वयाचा दाखला हवा. आम्हा शिक्षकांनी अडाणी आईबापांच्या मुलांना सरसकट १ जून ही जन्मतारीख देऊन टाकली. तीच तारीख आता त्यांच्या भरपाईचा अंक ठरवते.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या मुलाचा अंगठा प्रेस मशीनमध्ये गेला. केसपेपरवर "घरी दुखापत" असेच लिहिलेले होते. ठेकेदाराने पंचवीस हजार आणि एक टाइप केलेला कागद आणला. पोराचा धाकटा भाऊ त्याच ठेकेदाराकडे कामाला आहे. भावजय मला म्हणाली, "भावजी, घेऊन टाकू द्या. एकाचं गेलं ते गेलं, दुसऱ्याचं काम तरी राहील." तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. तिची भीती खरी होती, आणि तिच्या घरची चूल मी पेटवणार नव्हतो. मी फक्त हिशेब कागदावर मांडला. पोराने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "काका, आज्याला हे कुणी सांगितलंच नाही का?"

त्याने सही केली नाही. डॉक्टरांना भेटून आम्ही घडला प्रकार लेखी दिला, बरोबरच्या एका कामगाराने साक्षीची तयारी दाखवली, दावा दाखल झाला. निकाल यायचा आहे. धाकट्याचे काम अजून टिकून आहे. उद्याचे सांगता येत नाही, म्हणून वस्तीतली पाच-सात माणसे त्या घराकडे लक्ष ठेवून असतात. कायद्याच्या पुस्तकाइतकीच या पाच-सात माणसांची गरज आहे.