सरपणाचे हातमोजे: जाडी नको, माप पाहा

बाभळीचा काटा पाच-सात सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वाळला की तारेसारखा ताठ होतो. देशावर जळण म्हणजे पुष्कळ ठिकाणी बाभूळ, वेडी बाभूळ, बोर नाहीतर खैर, त्यामुळे सरपणाच्या हातमोज्याची परीक्षा या काट्यापासूनच सुरू होते. हार्डवेअरच्या दुकानात हातमोजे मागितले, की बहुधा ठिपकेवाले सुती मोजे पुढे येतात. रबरी ठिपक्यांनी पकड सुधारते हे खरं, पण काटा दोन ठिपक्यांच्या मधून सरळ आत शिरतो. तो अनुभव घेतलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी वेल्डिंगचे कोपरापर्यंतचे जाडजूड मोजे उचलतं. जितकं जाड तितकं सुरक्षित, या समजुतीने घेतलेले ते मोजे आठवडाभरात पडवीच्या खुंटीवर लटकलेले दिसतात. हातमोजा हाताला बसतो का, ओल्या-सुक्यात पकड देतो का आणि ज्या ऋतूत वापरायचा त्या ऋतूत टिकतो का, हे तीन प्रश्न जाडीच्या आधी विचारायला हवेत.

जाड मोज्याचा तोटा कुऱ्हाड हातात घेतल्यावर कळतो. तळवा आणि दांडा यांच्यात जितका थर वाढतो तितकी मूठ जास्त आवळावी लागते, मनगट लवकर शिणतं आणि शिणलेल्या मुठीत दांडा फिरतो. ओंडका फोडताना पातं गाठीवर आदळून वळलं, तर त्या क्षणी हाताला दांडा नीट जाणवायला हवा. म्हणून फोडण्यासाठी मऊ, पातळ पण चिवट चामडं बरं, आणि त्यात बकरीचं चामडं उत्तम: तंतू दाट असल्याने ते पातळ असूनही सहज फाटत नाही. फांद्या ओढायच्या, मोळी बांधायची असेल, तर मात्र मोज्याची पाठही चामड्याची हवी. पाठीला नुसतं कापड लावलेले मोजे हवेशीर असतात, पण काटेरी फांदी आपटते ती हाताच्या पाठीवरच. मनगटावरून वर जाणारी पट्टीही तेवढीच गरजेची.

काही मोज्यांवर हातोड्याचं चित्र आणि त्याखाली आकडे असतात. ही ईएन ३८८ या युरोपीय मानकाची खूण. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा पात्याने कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. सरपणाला पहिला आणि चौथा जास्त महत्त्वाचे. पण टोचण्याच्या चाचणीत खिळ्यासारखा जाड पोलादी दांडा वापरतात. बाभळीच्या काट्याचं टोक त्याहून कितीतरी बारीक असतं, म्हणून तिथे सर्वोच्च, म्हणजे ४ हा आकडा असला तरी काटा शिरणारच नाही असं समजू नये. आकड्यांवरून दोन मोज्यांची तुलना करता येते, एवढाच त्यांचा उपयोग.

पावसाळ्यात हे सगळं गणित फिरतं. कोकणात आगोटीला पडवीत रचून ठेवलेली फाटी श्रावणापर्यंत दमट होते. चामडं पाणी पितं, जड होतं, बुरशी धरतं आणि चुलीजवळ वाळवलं की कडक होऊन तडकतं. या दिवसांत विणलेल्या मोज्यावर नायट्रिलचा खरखरीत थर असलेली जोडी कामाची. ती ओल्या सालीवर घसरत नाही, धुता येते आणि बिब्ब्याचा किंवा शेराचा चीक तळव्याला लागू देत नाही. बिब्ब्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात आणि चामड्यात मुरलेला चीक धुऊन निघणं अवघड. काट्याला मात्र नायट्रिल चामड्याइतकं अडवत नाही, म्हणूनच वर्षभरासाठी एकच मोजा शोधण्यात अर्थ नाही. दोन जोड्या ठेवाव्यात. रचलेल्या फाट्यांत विंचू आणि फुरसं दडून बसतात हेही विसरू नये. कोकणातला लाल विंचू जीवघेणा ठरत आला आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून त्याच्या दंशावर उपचार बसवला, तो याच भागातल्या रुग्णांवर. मोजा घातला तरी आधी काठीने फाटी हलवावी, मग हात घालावा.

एका ठिकाणी मोजे काढूनच ठेवावेत: वखारीतल्या फिरत्या गोल करवतीपाशी. मोज्याचं टोक पात्यात अडकलं तर मोज्याबरोबर हातही ओढला जातो.

‘हात रापलेले आहेत, मोजे कशाला?’ हा आक्षेप नेहमीचा. घट्टे घासण्यापासून वाचवतात, टोचण्यापासून नाही. आणि काट्याबरोबर माती आत गेली तर धनुर्वाताचे जंतूही जाऊ शकतात. उकाड्याची तक्रार खरी आहे, पण ती बहुतेक मापाबाहेरच्या, अस्तर लावलेल्या मोज्यांची असते. खर्चाचा आक्षेप सर्वांत वजनदार. तरी सुजलेल्या हाताने बुडालेली मजुरी आणि दवाखान्याची फेरी हिशेबात धरली, तर मोज्याची जोडी महाग ठरत नाही.

खरी अडचण मापाची आहे. आपल्याकडे सरपण आणतात त्या मुख्यतः बायका, आणि दुकानात मिळतात ते बहुधा ९ किंवा १० मापाचे पुरुषी मोजे. बोटांची टोकं रिकामी राहिली, की मोळीची दोरी धरता येत नाही आणि मोजा निघून येतो. अंगठा सोडून तळव्याचा घेर बोटांच्या मुळाशी सुतळीने मोजावा. जितके इंच, साधारण तितकंच माप. सात इंचांच्या हाताला ७ नंबरच लागतो. या आगोटीला मोजे घ्याल, तेव्हा घरात फाटी आणणाऱ्या बाईला दुकानात सोबत न्या, मूठ वळून पाहू द्या, आणि तिचं माप नसेल तर दुकानदाराला ते मागवायला सांगा.