चिठ्ठीवरचे मलम आणि दुकानातले सीरम

आमच्या पुतण्याचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. पर्युषण पर्व आटोपले आणि घरातील स्त्रियांची तयारी सुरू झाली. माझ्या पत्नीचे वय त्या वेळी एकसष्ट. मुलीने पाठविलेले रेटिनॉलचे सीरम ती रात्री चेहऱ्यास लावू लागली आणि एका परिचित औषधविक्रेत्याने ‘डागांसाठी उत्तम’ म्हणून दिलेली ट्यूबही तिने सोबत चालू ठेवली. पहिले तीन आठवडे चेहरा असा उजळला की दोन जावांनी ट्यूबचे नाव लिहून घेतले. दिवाळीपर्यंत मात्र गालांची साल निघू लागली, ऊन सोसवेना, आणि ट्यूब दोन दिवस थांबविली तरी चेहरा लालबुंद होऊन आग होई. त्वचारोगतज्ज्ञांनी औषध लिहून देण्याआधी सांगितले, ‘चेहऱ्याला जे जे लावता ते सगळे पिशवीत घालून घेऊन या.’

ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावे होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यांतील शेवटचे स्टेरॉइड. उजळपणा होता तो त्याचा, आणि आगही त्याचीच. शिवाय सीरममधील रेटिनॉल व ट्यूबमधील ट्रेटिनॉइन ही एकाच कुळातील द्रव्ये. म्हणजे एकच औषध दुहेरी लावले जात होते. कर्जाच्या कागदांवरील बारीक अक्षरे वाचण्यात ज्याची नोकरी गेली, त्याच्या घरात ती ट्यूब दोन महिने कोणी उलटून पाहिली नाही, याची खंत मला आजही आहे.

आपल्या मासिकात सुरकुत्यांची चर्चा कशासाठी, असे काही ज्येष्ठ विचारतील. देह आणि आत्मा भिन्न आहेत हे खरेच. परंतु या ट्यूबा आपल्या घरोघरी आहेत आणि आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांतूनच त्या विकल्या जातात.

अ जीवनसत्त्वापासून निघालेल्या द्रव्यांच्या या कुळास रेटिनॉइड म्हणतात. त्वचेतील पेशींवर प्रत्यक्ष काम करते ते रेटिनोइक आम्ल. ट्रेटिनॉइन म्हणजे तेच आम्ल, तयार स्वरूपात. दुकानात सहज मिळणारे रेटिनॉल त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड होते आणि मग आम्ल. सौम्य क्रीममधील रेटिनिल पामिटेटला याहून एक पायरी अधिक चढावी लागते. आमच्या भाषेत सांगायचे तर ट्रेटिनॉइन ही रोख रक्कम, रेटिनॉल हा धनादेश आणि पामिटेट हा पुढच्या तारखेचा धनादेश. प्रत्येक पायरीवर काही भाग गळतो. म्हणून रेटिनॉल सौम्य असते आणि त्याचा गुण उशिरा दिसतो.

ट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९७१ मध्ये मान्यता मिळाली ती मुरुमांसाठी. मुरुमांसाठी ते लावणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या सुरकुत्याही कमी होतात असे ध्यानात आले. १९८६ मध्ये डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९९५ मध्ये बारीक सुरकुत्यांसाठीही या औषधास मान्यता मिळाली. या इतिहासास एक काळी बाजू आहे आणि अहिंसेचा विचार करणाऱ्यांनी ती जाणून घ्यावी. फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात क्लिगमन यांनी कैद्यांच्या त्वचेवर अनेक प्रयोग केले. त्या कैद्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल २०२२ मध्ये क्षमा मागितली. प्राण्यांवरील चाचण्यांचा प्रश्न वेगळाच. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे. औषधांना मात्र ही बंदी लागू नाही. ज्यांचे व्रत कडक आहे त्यांनी हा भेद लक्षात घेऊन निर्णय करावा. मी तो दुसऱ्यांसाठी करू इच्छीत नाही.

घटकांचे म्हणाल तर ट्रेटिनॉइन व रेटिनॉल सामान्यतः प्रयोगशाळेतच तयार होतात. पाहावयाचे ते सोबतचे पदार्थ. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येते, कोलॅजेन प्राण्यांपासून किंवा माशांपासून. स्क्वालिन पूर्वी शार्कच्या यकृतातून काढीत. आता ऑलिव्ह व उसापासूनही मिळते. स्टिअरिक आम्ल वनस्पतीचे की चरबीचे, हे नुसत्या नावावरून कळत नाही. वेष्टनावर हिरवा ठिपका नसेल तर कंपनीस पत्र लिहून विचारावे.

आता निवडीचा प्रश्न. सुरकुत्या नुकत्याच दिसू लागल्या असतील किंवा त्वचा नाजूक असेल, तर रेटिनॉलने आरंभ करण्यात शहाणपण आहे. ते अगदीच निरुपयोगी नसते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ८७ वर्षे वयाच्या वृद्धांच्या एका हातास ०.४ टक्के रेटिनॉल आणि दुसऱ्या हातास रेटिनॉलविरहित लोशन लावण्यात आले. २४ आठवड्यांनी रेटिनॉलच्या हातावरील बारीक सुरकुत्या स्पष्ट कमी झाल्या होत्या. मात्र पुष्कळ बाटल्यांवर प्रमाण किती हे छापलेलेच नसते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या प्रसाधनांतील रेटिनॉलवर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. खरेदी करताना हा आकडा मनात ठेवावा. रेटिनॉल प्रकाशाने व हवेने नासते, म्हणून पारदर्शक बाटली नको. प्रसाधनांचे दुकान चालविणाऱ्या बांधवांनी ही बाटली उन्हातल्या काचेच्या कपाटात मांडू नये.

उन्हाने पडलेले डाग, खरखरीतपणा आणि सुरकुत्या ठळक असतील तर ट्रेटिनॉइन अधिक भरवशाचे. डॉक्टर बहुधा ०.०२५ टक्क्यांपासून, आठवड्यातून दोन-तीन रात्री, संपूर्ण चेहऱ्यास मिळून वाटाण्याएवढे, असा आरंभ करून देतात. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते. गुण दिसावयास तीन ते सहा महिने लागतात. घाई करणाऱ्याची त्वचा पोळते, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर पोळल्याचे काळे डाग महिनोन् महिने राहतात. म्हणजे ज्या डागांसाठी ट्यूब आणली तेच वाढतात. दोन्ही प्रकारांत दिवसा सनस्क्रीन अनिवार्य आहे. गर्भवती आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी दोन्हींपासून दूर राहावे. एकाच घरात सासू-सुनांचा आरसा सामाईक असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. पर्वात प्रसाधनांचा त्याग करणाऱ्यांनी दहा दिवस थांबल्यास काही बिघडत नाही. नंतर हळूहळू पुन्हा आरंभ करावा.

किमतीने फसू नये. चिठ्ठीवरची ट्रेटिनॉइनची ट्यूब सामान्यतः काही शे रुपयांत मिळते, तर विदेशी सीरमची बाटली हजारोंच्या घरात जाते. महाग ते प्रभावी, हा हिशेब इथे उलटा आहे. परदेशातून येणाऱ्या ट्यूबांविषयीही सावध असावे. ०.१ टक्के अ‍ॅडापलीन अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीविना मिळते, तेही मुरुमांसाठी. भारतात त्यास चिठ्ठी लागते.

ट्रेटिनॉइन आपल्याकडे अनुसूची ‘एच’ मध्ये आहे. वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विक्री करावी असा इशारा असतो. त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइडांनाही २०१८ मध्ये याच बंधनाखाली आणण्यात आले. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आपण लहानपणापासून पाठ करतो. त्याचा अर्थ जकात चुकविण्यापुरता नाही. मी ती ट्यूब घेऊन त्या विक्रेत्याकडे गेलो होतो. माणूस सज्जन, मंदिरात रोज भेटणारा. तो म्हणाला, “काका, मी नाही दिली तर शेजारचा देतो.” मी त्यास ट्यूबवरील इशारा मोठ्याने वाचावयास सांगितला. त्याने वाचला आणि गप्प राहिला. पुढे काय केले ते मी विचारले नाही.

स्टेरॉइड हळूहळू सोडविण्यास डॉक्टरांना पाच महिने लागले. लग्नाच्या छायाचित्रांत पत्नी मागच्या रांगेत, पदर गालावर ओढून उभी दिसते. वर्षभराने त्वचा सावरल्यावर डॉक्टरांनीच ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन लिहून दिले. सोमवारी आणि गुरुवारी रात्री ती ते लावते. ट्यूबसोबत चिठ्ठीही त्याच डबीत असते. जावांना तिने नवे नाव सांगितलेले नाही, डॉक्टरांचा पत्ता दिला आहे.