येथील सर्व क्षेम

२००४ सालच्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या माझ्या घरी एक पत्र भाषांतरासाठी आलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी अमेरिकेतल्या सुनेला लिहिलेलं, फूलस्केपची दोन पानं. अक्षर पुतण्याचं होतं, कारण अर्धांगवायूच्या झटक्यानंतर गुरुजींचा उजवा हात चालत नव्हता. पत्रात ही गोष्ट ‘हाताची किरकोळ तक्रार आहे’ एवढ्यावर आटोपली होती. त्या साली आंबा गेला होता, मुलाला तालुक्याच्या गावी धड काम मिळत नव्हतं, हेही मधल्या ओळींतून कळत होतं. पण सुरुवातीला रीतीप्रमाणे ‘येथील सर्व क्षेम’ होतं आणि शेवटी ‘आमची मुळीच काळजी करू नये’.

हे पत्र एका सरकारी फाइलला जोडायचं होतं. नवऱ्याला अमेरिकेत येऊ दिलं नाही तर आपले अतोनात हाल होतील, आणि आपण रत्नागिरीला जाऊन राहिलो तरीही होतील, हे सुनेला त्या फाइलमधून सिद्ध करायचं होतं. भाषांतरकाराला एक शब्दही गाळता येत नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असं लिहून खाली सही करावी लागते. मी ‘सर्व क्षेम’ इंग्रजीत लिहिलं आणि सही केली.

त्यानंतरच्या वीस वर्षांत अशा फाइलींसाठी बरेच कागद माझ्या हातून गेले. सातबारे, डिस्चार्ज कार्डं, सोनेतारण कर्जाच्या पावत्या, बालवाडीच्या बाईंची पत्रं. मी वकील नाही. पण ज्या कायद्यापायी माणसांना आपलं दुःख कागदावर मांडून त्याचं वजन करून घ्यावं लागतं, तो असा कसा झाला याचा माग काढल्यावाचून मला राहवलं नाही.

अमेरिकेच्या कायद्यात हे दुःख पहिल्यांदा आलं ते १९४० साली, आणि आलं ते पैशाच्या रूपात. एखाद्याला हद्दपार केल्यानं त्याच्या नागरिक किंवा कायम रहिवासी जोडीदाराचं, आईवडिलांचं वा अज्ञान मुलाचं गंभीर आर्थिक नुकसान होणार असेल, तर हद्दपारी थांबवण्याची मुभा त्या वर्षीच्या कायद्यानं सरकारला दिली. १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्यानं नुकसानीच्या जागी हालअपेष्टा आणल्या, पण त्या ‘अपवादात्मक आणि अत्यंत असाधारण’ असायला हव्यात अशी अट घातली. १९६२ साली ही अट बऱ्याच जणांपुरती सैल होऊन नुसती ‘एक्स्ट्रीम हार्डशिप’ (अत्यंत हाल) उरली. या दोन शब्दांची व्याख्या मात्र कायद्यानं कधीच केली नाही.

ती कुणी करायची, हा प्रश्न १९८१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आला. १९७० साली व्यापारी व्हिसावर आलेलं वांग नावाचं कोरियन जोडपं मुदत संपल्यावरही राहिलं होतं. त्यांची दोन मुलं अमेरिकेत जन्मलेली. मुलांना कोरियन येत नाही, शिक्षण बुडेल आणि मालमत्ता घाईनं विकून टाकावी लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. खालच्या न्यायालयानं निदान सुनावणी तरी घ्या म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवला आणि सांगितलं की ‘एक्स्ट्रीम’चा अर्थ ठरवणं हे अ‍ॅटर्नी जनरल आणि त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांचं काम आहे, त्यांना वाटल्यास त्यांनी तो अरुंदही करावा. मला वाटतं, पुढच्या सगळ्या फाइलींचं भवितव्य त्या छोट्या निकालातच ठरलं. दुःख किती म्हणजे अत्यंत, हे ते वाचणाऱ्याच्या मनावर गेलं.

तरीही १९९६ पर्यंत या शब्दांशी गाठ पडणारी माणसं त्या मानानं थोडी होती. ३० सप्टेंबर १९९६ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्यानं ते चित्र पालटलं. १ एप्रिल १९९७ पासून नवा हिशोब सुरू झाला. सलग १८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं बंदी; वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. यातली खरी मेख ‘देश सोडला तर’ या शब्दांत आहे. आत राहिलेल्या माणसावर ही बंदी नसते. ती बाहेर पाऊल टाकल्यावर लागते. चोरून सीमा ओलांडून आलेल्या मेक्सिकन तरुणानं अमेरिकन मुलीशी लग्न केलं तरी बहुतेकदा त्याला ग्रीन कार्डासाठी मायदेशातल्या अमेरिकन वकिलातीत जावंच लागतं, आणि गेल्याबरोबर दहा वर्षांसाठी दार बंद होतं. आपल्या माणसांची अडचण थोडी निराळी असते. व्हिसावर रीतसर आलेला नवरा मुदतीनंतर राहिला आणि बायको नागरिक असली, तर तो आतूनच अर्ज करू शकतो. बायकोकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर ती सोय बहुधा नसते.

गुरुजींच्या मुलाचं नेमकं तेच झालं. लग्न झालं तेव्हा बायकोकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व मिळायला दोन वर्षं बाकी होती. २००१ साली वडिलांना झटका आल्याची बातमी आली. थांबला असता तर पुढं सगळं आतल्या आत मिटलं असतं. तो गेला. विमानानं अमेरिकेची जमीन सोडली तेव्हा त्याची दहा वर्षं सुरू झाली. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती.

बंदीतून सुटायची वाट त्याच कायद्यानं ठेवली होती. तिला सगळे ‘वेव्हर’ म्हणतात. ‘माफी’ म्हटलं तर कुणाला कळत नाही. अर्ज नवऱ्याचा, पण हाल मोजायचे ते नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे, नाहीतर अर्जदाराच्या तशाच आईवडिलांचे. अर्जदाराला स्वतःला काय सोसावं लागतं, याला किंमत नाही. आणि मुलांची नावं या यादीतून गळली. खोटी माहिती देऊन आलेल्यांसाठीची वेगळी माफी १९९६ पूर्वी नागरिक मुलाच्या नात्यावरही मागता येत असे. तिथूनही मुलं गेली. बाप नसल्यानं मुलगी रात्री दचकून उठते हे फाइलमध्ये लिहायचं ते असं: मुलगी दचकून उठते, म्हणून आईला झोप मिळत नाही. मुलीचं दुःख आईच्या खात्यातून जमा व्हायचं. ही वाक्यं भाषांतरित करताना माझा हात दर वेळी अडखळला आहे. याच देशाच्या कायद्यात दुसरीकडे याच्या उलट आहे. शिक्षणासाठी जे-१ व्हिसावर आलेल्या डॉक्टरांना दोन वर्षं मायदेशी जाऊन राहण्याची अट असते. त्यात आपल्याकडचे पुष्कळ असतात. त्या अटीतून सूट मागताना नागरिक मुलाचे हाल थेट मोजले जातात. एकाच सरकारनं एका मुलाचं रडणं ऐकावं आणि दुसऱ्याचं आईच्या तोंडून ऐकावं, याचं समर्थन मला कुठंही सापडलेलं नाही.

१९९९ साली इमिग्रेशन अपील मंडळानं सर्व्हांटिस-गोन्झालेझ प्रकरणात काय काय पाहायचं ते सांगितलं: जोडीदाराची अमेरिकेतली आणि बाहेरची नातीगोती, जावं लागेल त्या देशाची स्थिती, पैशाची झळ, आजारपण आणि त्यावर तिथं मिळणारे उपचार. या निकालात आणखी एक गोष्ट होती. लग्नाच्या वेळी नवऱ्यावर हद्दपारीची कारवाई चालू आहे हे बायकोला ठाऊक होतं, म्हणून तिच्या दुःखाचं वजन कमी धरलं गेलं. त्याआधीच्या निकालांतून आणखी एक सूत्र पक्कं होत आलं होतं. ताटातूट, पैशाची ओढाताण, नव्या देशात रुळण्याची अडचण, मुलांच्या शिक्षणाची आबाळ हे ‘नेहमीचे परिणाम’ मानायचे. तेवढ्यावर सूट नाही. सगळं एकत्र धरून बघा, असं याच मंडळानं १९९६ साली बजावलं होतं, आणि विरह हाच सर्वांत मोठा घटक असू शकतो असं एका अपील न्यायालयानं १९९८ साली म्हटलं होतं. पण माझ्या हाताखालून गेलेल्या नकाराच्या कागदांवर ‘नेहमीचे’ हाच शब्द जास्त दिसला.

गुरुजींच्या सुनेच्या निकालपत्रातही तो होता. तिचं दुःख खरं आहे, पण अशा परिस्थितीतल्या कुणालाही होतं त्याहून वेगळं नाही, अशा अर्थाचं वाक्य. आणि खाली, सासरच्या मंडळींनी आपलं क्षेम कळवलं आहे, ही नोंद. ती नोंद वाचली तेव्हा मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. अपील फेटाळलं गेलं. बंदीची दहा वर्षं पुरी झाल्यावर, वेव्हरची गरजच उरली नाही तेव्हा, नवरा आला. मुलगी अकरा वर्षांची होती.

२०१० नंतरची काही वर्षं मात्र मोकळी हवा घेऊन आली. तोवर मुलाखतीला परदेशी जायचं, तिथं नकार घ्यायचा, मग अर्ज करायचा आणि निकालाची वाट बघत तिकडेच अडकून पडायचं, अशी रीत होती. ४ मार्च २०१३ पासून नागरिकांच्या जवळच्या नातेवाइकांना देश सोडण्याआधीच अर्ज करता येऊ लागला. ही माफी फक्त बेकायदा वास्तव्यापुरती होती आणि नकारावर अपील नव्हतं, पण उत्तर हातात घेऊन विमानात बसता येत होतं. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या विंडसर निकालामुळे समलिंगी जोडीदारही कायद्याच्या नजरेत जोडीदार झाले. २९ ऑगस्ट २०१६ पासून देश सोडण्याआधी अर्ज करण्याची सोय ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांनाही मिळाली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झालेली ‘एक्स्ट्रीम हार्डशिप’विषयीची मार्गदर्शक तत्त्वं मी दोनदा वाचून काढली, कारण त्यांत प्रथमच कुणीतरी या दुःखाकडे नीट बघितलं होतं. जोडीदाराला आश्रय मिळालेला असणं, घरात कुणी अपंग असणं, सैन्यातली नोकरी, ज्या देशात जायचं त्याबद्दल परराष्ट्र खात्याचा धोक्याचा इशारा, मुलांचं संगोपन करणाऱ्याची जागा अचानक रिकामी होणं, अशा गोष्टींना खास वजन द्यायला सांगितलं. मुलाचे हाल जोडीदारापर्यंत कसे पोचतात हे स्पष्ट केलं. मागं राहणं आणि सोबत जाणं या दोन्ही बाजू सिद्ध करण्याची गरजही कमी झाली: आपण यांतलं काय करणार हे जोडीदारानं ठामपणे सांगितलं आणि ते पटलं, तर त्या एका बाजूचे हाल पुरे. ‘मी इथंच राहीन’ किंवा ‘मी त्याच्यामागं जाईन’. संसाराच्या विसाव्या वर्षीही हे शपथेवर सांगणं सोपं नसतं. लग्नाला दोन वर्षं झालेल्या मुलींना ते सांगावं लागतं.

तोपर्यंत फाइली जाडजूड झाल्या होत्या. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल जवळपास ठरलेलाच. आपल्या बायका त्या खोलीत गेल्या की ‘झोप कशी आहे?’ या प्रश्नाला ‘तशी बरी आहे’ म्हणतात. तीन वेळा विचारल्यावर कळतं की पहाटे साडेतीनला उठून बसतात. चारचौघांत रडगाणं गाऊ नये हे आपल्याला बाळकडूतून मिळालेलं. ‘तशी’ या शब्दात किती काय दडलेलं आहे ते अहवालात उतरवणं हे माझ्या कामातलं सर्वांत अवघड काम.

मग पुन्हा सगळं आखडलं. पूर्वी काही महिन्यांत लागणारे निकाल २०२३ च्या सुमारास तीन वर्षांहून लांबले. नागरिकांच्या जोडीदारांना देशाबाहेर न जाताच कागदपत्रं पुरी करू देणारी योजना १९ ऑगस्ट २०२४ ला सुरू झाली. आठवड्याच्या आत टेक्सासमधल्या न्यायालयानं ती थांबवली आणि नोव्हेंबरात रद्द केली. त्याआधी, २१ जून २०२४ ला, मुन्योझ प्रकरणाचा निकाल आला होता. लॉस एंजेलिसच्या एका वकील बाईंच्या एल साल्व्हाडोरच्या नवऱ्याला २०१५ पासून व्हिसा नाकारला गेला होता. परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. म्हणजे हक्क म्हणून मागायचं काही उरलं नाही. उरली ती माफी, आणि माफी मागायची तर दुःख दाखवावंच लागतं.

गेल्या वर्षी न्यू जर्सीतल्या एडिसनला एका घरी बसून मी एका बहात्तर वर्षांच्या आजींचं निवेदन लिहून घेत होते. जावई भारतात अडकलेला, मुलगी इथं नोकरी, शाळेतलं पोर आणि आईचं डायलिसिस एकटीनं सांभाळणारी. आजी मराठीत सांगत होत्या, मी लिहीत होते. डायलिसिसचं सांगून झालं. मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या की गुडघे पार गेलेत, गेल्या महिन्यात न्हाणीघरात दोनदा पडले, पण लेकीला सांगितलेलं नाही.

मी तेही लिहून घेतलं. आजींनी चष्म्याआडून माझ्या वहीकडे पाहिलं.

“हे ती वाचेल का गं?”

“वाचेल, आजी. तिच्याच फाइलमध्ये लागणार.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

“मग पडल्याचं खोड,” त्या म्हणाल्या. “गुडघ्यांचं राहू दे.”