साहेबांसोबतची बैठक अवघड का जाते? नेमके प्रश्न विचारले तर काय बदलतं?

सप्टेंबर २०२०च्या अखेरीस, कोरोनाची पहिली लाट भरात असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या सुमारे ९० वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सामूहिक राजीनामे दिले. जिल्हा प्रशासनाच्या प्रमुखांकडून अपमानास्पद वागणूक मिळते, असा त्यांचा आरोप होता. रुग्णांना डॉक्टरांची सर्वाधिक गरज असताना वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातला संवाद तुटल्याची ही बातमी राज्यभर गाजली.

त्या वादात कोण बरोबर, कोण चूक हा इथला विषय नाही. पण 'उद्या साहेबांची बैठक आहे' म्हटलं की आदल्या रात्री झोप उडणारे लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. ते सरकारी कार्यालयात आहेत, तसे बँकेत, फायनान्स कंपनीत, बियाणं कंपनीच्या विक्री विभागात आणि शाळेतही आहेत. या बैठका अवघड का होतात आणि खाली बसलेल्या माणसाच्या हातात काय असतं, ते समजून घेऊ.

बैठक बिघडते कुठे?

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. उमरखेड किंवा झरी जामणीहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर दिवसातले काही तास प्रवासातच जातात. आढावा बैठकीत एकेका तालुक्याच्या वाट्याला मात्र काही मिनिटं येतात. समोर पडद्यावर तक्ता असतो. ज्याचा आकडा सर्वात खाली, त्याला उभं केलं जातं आणि प्रश्न येतो, "काम का झालं नाही?"

या प्रश्नाला बहुतेक जण दोनच उत्तरं देतात. एक म्हणजे कारण सांगणं: नेटवर्क नव्हतं, माणसं कमी आहेत, गावकरी येत नाहीत. दुसरं म्हणजे "हो सर, करतो सर." पहिलं उत्तर साहेबांना सबब वाटतं. दुसऱ्या उत्तराने बैठक संपते, पण अडचण होती तिथेच राहते आणि पुढच्या महिन्यात तोच तक्ता पुन्हा समोर येतो.

त्यात अनेकदा साहेब एकापेक्षा जास्त असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली असतो, तर ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या. कोरोनाकाळात आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ लागू होता. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे त्यांचेही आदेश थेट येत होते. दोन-तीन ठिकाणांहून आदेश आले की आधी कोणाचं काम करायचं, हे कोणीच स्पष्ट सांगत नाही. बोलणी मात्र एकालाच बसतात.

गप्प बसण्याची किंमत किती?

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयातल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटात औषध देण्याच्या चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या गटात नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. तिथले लोक जास्त चुकत नव्हते, तर झालेली चूक मोकळेपणाने सांगत होते, असा याचा अर्थ त्यांनी लावला. जिथे बोलणी बसण्याची भीती होती, तिथे चुका दबून राहत होत्या.

कामाचं खरं चित्र वर पोहोचायला उशीर झाला की काय होऊ शकतं, हे यवतमाळने पाहिलं आहे. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी आणि शेतमजूर शेकडोंच्या संख्येने रुग्णालयात दाखल झाले. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. रुग्ण जुलै-ऑगस्टपासूनच येत होते, पण हा विषय राज्यभर चर्चेत आला तो सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये. यामागे कारणं अनेक होती. तरीही गावातली माहिती निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेत पोहोचणं किती मोलाचं असतं, हे त्यातून दिसलं.

मग चांगला प्रश्न म्हणजे कोणता?

ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून साहेबांना निर्णय द्यावा लागतो, तो चांगला प्रश्न. त्याच्याआधी आकडा असला पाहिजे आणि प्रश्नातच एक-दोन पर्याय असले पाहिजेत.

समजा, एका गावात ४० शेतकऱ्यांचं ई-केवायसी करायचं आहे. "सर, लोक येतच नाहीत" हे उत्तर झालं गाऱ्हाणं. त्याऐवजी असं म्हणता येईल: "सर, ४० पैकी २५ झाले. उरलेल्या १५ पैकी ९ जणांचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला नाही. त्यांच्यासाठी गावात एक दिवस शिबिर लावता येईल का, की त्यांना तालुक्याला पाठवू?" माहिती तीच आहे. पण आता चेंडू साहेबांकडे गेला आहे, आणि तोही आदराने.

रोजच्या कामात उपयोगी पडणारे पाच प्रश्न असे:

१. "सर, यातलं आधी कोणतं करू?" तीन कामं एकाच दिवशी मागितली जातात, तेव्हा "होणार नाही" म्हणण्यापेक्षा हा प्रश्न बरा. तिन्ही कामांची नावं आणि प्रत्येकाला लागणारा वेळ सांगा, मग विचारा.

२. "झालं म्हणजे नेमकं काय अपेक्षित आहे?" "अहवाल द्या" म्हणजे एक पान की पूर्ण फाइल? "गाव पूर्ण करा" म्हणजे नोंदणी की पडताळणीसुद्धा? निम्मा राग इथल्या गैरसमजातून येतो.

३. "याचा निर्णय कोणाकडे आहे?" निधी, गाडी, मनुष्यबळ या गोष्टी बऱ्याचदा समोरच्या साहेबांच्याही हातात नसतात. हा प्रश्न विचारला की दोघं मिळून तिसऱ्याकडे मागणी करू शकतात.

४. "मी आधी कळवायला हवं होतं का? पुढच्या वेळी कधी कळवू?" काम खरोखर राहिलं असेल तेव्हा हा प्रश्न विचारा. चूक मान्य होते आणि पुढची पद्धतही ठरते.

५. "मी असं समजलो, बरोबर आहे ना?" बैठक संपण्याआधी काम, तारीख आणि जबाबदारी दोन वाक्यांत परत सांगा. महिला कर्मचारी "समजले" म्हणतील, एवढाच फरक.

शब्दांइतकाच सूरही महत्त्वाचा. "का" ने सुरू होणारा प्रश्न वरून आला तरी बोचतो आणि खालून गेला तरी बोचतो. "हे आम्हालाच का?" याऐवजी "हे आमच्याकडे कसं बसवू?" असं विचारलं तर बोलणं पुढे जातं. आणि सगळ्यांसमोर साहेबांना अडचणीत आणणारा प्रश्न बरोबर असला तरी त्याची जागा केबिनमध्ये आहे, सभागृहात नाही.

तोंडी सांगितलं आणि नंतर नाकारलं तर?

सरकारी कर्मचाऱ्यांना याबाबत नियमाचा आधार आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधल्या तिसऱ्या नियमानुसार वरिष्ठांचे आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावेत. तोंडी आदेश देणं टाळता आलं नाही, तर नंतर तो लेखी कायम करावा लागतो. तोंडी आदेश मिळालेल्या कर्मचाऱ्यानेही लवकरात लवकर लेखी पुष्टी मागायची असते. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा नाही, तो कामाचाच भाग आहे.

खासगी नोकरीत असा नियम नसतो. पण बैठकीनंतर एक छोटा मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवता येतो: "सर, आजच्या चर्चेप्रमाणे शुक्रवारपर्यंत वसुलीची यादी देतो, नव्या ग्राहकांचं काम सोमवारपासून घेतो. काही बदल असल्यास कळवावं." पुढे वाद झालाच तर ही नोंद कामी येते.

साहेबांनी काय करावं?

हा लेख वाचणाऱ्यांत साहेबही असतील. त्यांच्यासाठी बदल एका प्रश्नाचा आहे. "का झालं नाही?" याच्या जागी "कुठे अडलंय आणि माझ्याकडून काय हवंय?" असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाने सबबी मिळतात, दुसऱ्याने माहिती. वाईट बातमी सर्वात आधी सांगणाऱ्याला सर्वांसमोर झापलं, तर पुढच्या बैठकीत सगळे आकडे छान दिसतील. ते खरे असतीलच असं नाही.

प्रश्नांनी सगळं सुटतं का?

नाही. हार्वर्डमधल्याच संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की जास्त प्रश्न, विशेषतः समोरच्याच्या बोलण्याचा धागा पकडून पुढचे प्रश्न विचारणारी माणसं इतरांना जास्त आवडतात. पण तो अभ्यास एकमेकांना नव्याने भेटणाऱ्या लोकांच्या गप्पांचा होता. तिथे कोणी कोणाचा साहेब नव्हता. ज्याच्या हातात गोपनीय अहवाल, बदली किंवा पगारवाढ आहे, त्याच्यासमोर प्रश्न विचारायला जास्त धीर लागतो.

शिवीगाळ, जातीवरून टोमणे, धमकी किंवा लैंगिक छळ होत असेल तर तो संवादकौशल्याचा विषयच नाही. तिथे तारीख, वेळ आणि साक्षीदारांची नोंद ठेवून लेखी तक्रार करावी. लैंगिक छळासाठी २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

बाकीच्या, म्हणजे रोजच्या बहुसंख्य बैठकांसाठी सुरुवात छोटी ठेवावी. पुढच्या बैठकीला जाताना वहीत तीनच ओळी लिहून न्या: किती झालं, कुठे अडलं, आणि साहेबांकडून कोणता एक निर्णय हवा आहे. तिसरी ओळ विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.